वैमानिक उतरली

ओतूर येथे बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, आणि बाबाजी हे तुकोबांचे गुरू. त्यामुळे ‘विमान’ हा शब्द या गावास यंत्राच्या कितीतरी आधी कीर्तनातून ठाऊक होता. तुकोबा विमानात बसून वैकुंठास गेले, जिजाई मागे राहिली, अशी ती कथा. मात्र त्या विमानास हाकणारा कोणी नव्हता. जैन ग्रंथांतील ‘वैमानिक’ हेही विमानांत वास करणारे देव होत, चालक नव्हेत. पुढे यंत्र आले तेव्हा तोच शब्द आपण चालकास दिला. आणि स्त्री विमान चालवू लागली तेव्हा भाषा अडखळली.

ही अडचण एकट्या मराठीची नव्हे. ८ मार्च १९१० रोजी फ्रान्समध्ये रेमोंद द लारोश हिला ३६ क्रमांकाचा परवाना मिळाला. वैमानिकाचा परवाना मिळविणारी जगातील ही पहिली स्त्री. ती नळकाम करणाऱ्याची मुलगी. पण वृत्तपत्रांनी तिला ‘बॅरोनेस’ करून टाकले. इंग्रजीने ‘एव्हिएट्रिक्स’ असा निराळा शब्द घडविला. दोन्ही नावांत कौतुक आहे. परंतु ते कसबाचे कमी, नवलाईचे अधिक.

आपल्याकडे ‘ईण’ हा प्रत्यय तयारच होता. पण पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. मास्तरीण म्हणजे कधी शिकविणारी, तर कधी मास्तरांचे कुटुंब. सरला ठकराल यांनी १९३६ साली लाहोरास साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीने उडविले. त्या वेळी त्या २१ वर्षांच्या होत्या, पदरी लहान मुलगी होती आणि पतीही वैमानिकच होते. तेथे हा प्रत्यय लावला असता, तर ते उड्डाण कोणाच्या नावे जमा झाले असते?

संस्कृत व्याकरणाने ‘वैमानिकी’ हे रूप सिद्ध होते. परंतु ते नाव आपण शास्त्रास देऊन बसलो. उरले ‘स्त्री वैमानिक’. पण पुरुषाच्या मागे आपण ‘पुरुष’ असे कधी लावतो काय?

वास्तविक उपाय आपल्या क्रियापदातच आहे. १९८५ साली सौदामिनी देशमुख यांनी फोकर फ्रेंडशिप विमान कलकत्त्याहून सिल्चरला नेले. चालकदल सर्वस्वी स्त्रियांचे होते. ‘वैमानिक सिल्चरला उतरल्या’ एवढे म्हटले की पुरे. हुद्दा अखंड राहतो, आणि तो कोणी मिळविला हेही कळते.