हिरडी निर्देशांक

हिरडीचा रंग, सूज आणि रक्तस्राव पाहून तिच्या दाहाची तीव्रता अंकांत मांडण्याची दंतवैद्यकातील पद्धत. दवाखान्यात ती ‘जिंजायव्हल इंडेक्स’ म्हणून ओळखली जाते. लोए आणि सिल्नेस यांनी गरोदर स्त्रियांच्या हिरड्यांच्या अभ्यासासाठी ती १९६३ मध्ये मांडली. त्याआधी शोर व मॅस्लर यांची पद्धत वापरात होती. तिच्यात दाह हिरडीच्या किती भागांत पसरला आहे, हे मोजले जाई.

प्रत्येक दाताभोवतीच्या हिरडीचे चार भाग तपासतात. फिकट गुलाबी, घट्ट हिरडीला ०. रंग किंचित बदलला, थोडी सूज आली, पण रक्त येत नाही तर १. हिरडी लाल, सुजलेली, तुकतुकीत असून प्रोब (तपासणीची बोथट सळई) फिरवताच रक्त आले तर २. फार लाल होऊन व्रण पडले, आपोआप रक्त येऊ लागले तर ३. या अंकांची सरासरी १ पर्यंत असल्यास दाह सौम्य, २ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र समजतात. १ आणि २ मधली सीमारेषा रक्ताची आहे व तीच सर्वांत भरवशाची. लाली किती, सूज किती यावर दोन तपासनिसांचे एकमत होईलच असे नाही. म्हणूनच १९७५ मध्ये आयनामो व बे यांनी रक्त येते की नाही, एवढेच नोंदवणारी पद्धत सुचवली.

लोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे बंद करायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू होताच पूर्ववत झाल्या. हिरडीदाह असा उलटवता येतो. याउलट पायोरियात दाताला धरून ठेवणारे तंतू व हाड झिजते. ते आपसूक भरून येत नाही. हा निर्देशांक मात्र झीज मोजत नाही, त्यामुळे केवळ त्यावरून पायोरियाचे निदान करता येत नाही.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिरड्यांच्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात रक्तस्राव आणि झीज या दोन्ही मोजमापांना जागा आहे. आधाराची झीज झालेली नसताना तपासलेल्या जागांपैकी १० टक्के वा अधिक ठिकाणी रक्त आले तर हिरडीदाह. ३० टक्क्यांपर्यंत तो स्थानिक, त्यापुढे सार्वत्रिक. पायोरियाचे चार टप्पे मुख्यतः झिजेवरून ठरतात, तर तो किती वेगाने वाढेल यावरून अ, ब, क अशा श्रेणी. श्रेणी ठरवताना धूम्रपान व मधुमेहही विचारात घेतात.

धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे आतून हाड झिजत असतानाही अंक कमी दिसू शकतो. अशा रुग्णाच्या बाबतीत पॉकेटची (हिरडी व दात यांमधल्या फटीची) खोली मोजल्याशिवाय आणि क्ष-किरण चित्र पाहिल्याशिवाय हिरड्या निरोगी असल्याचा निर्वाळा देऊ नये.