तंजावर व जांब : रामदासी परंपरेची दक्षिणेतील वाटचाल

जालना जिल्ह्यातील जांब (ता. घनसावंगी) हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम, तर तमिळनाडूतील तंजावर ही अनुक्रमे चोळ, नायक व भोसले या तीन राजवंशांची राजधानी. दोहोंमध्ये सरळ रेषेत सु. एक हजार किमी. अंतर आहे. गोदावरीकाठच्या एका लहानशा गावात जन्मलेल्या सत्पुरुषाची शिकवण कावेरीच्या खोऱ्यातील राजनगरीत रुजली आणि तेथील राज्य लयास गेल्यावरही टिकून राहिली. तंजावरच्या मराठी इतिहासाची मांडणी बहुधा भोसले राजांच्या वंशावळीस धरून केली जाते. त्या नगरीतील मठ, ग्रंथसंग्रह व कीर्तनपरंपरा यांचा विचार मात्र तिच्यात ओझरताच येतो.

जांब येथे सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी शके १५३० च्या चैत्र शुद्ध नवमीस (१६०८) नारायणाचा, म्हणजेच पुढील समर्थ रामदासांचा, जन्म झाला. त्या वेळी हा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत होता. वडील बंधू गंगाधर यांनी रामीरामदास या नावाने ग्रंथरचना केली. संप्रदायात ते ‘श्रेष्ठ’ म्हणून ओळखले जातात. विवाहप्रसंगी नारायणाने केलेले पलायन, नासिकजवळील टाकळी येथील बारा वर्षांची तपश्चर्या व त्यानंतरचे बारा वर्षांचे तीर्थाटन हा चरित्रक्रम सर्वपरिचित आहे. इ. स. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले आणि चाफळ येथे त्यांनी राममंदिर उभारले. जांब हे गाव पुढे दीर्घकाळ हैदराबादच्या निजामाच्या राज्यात राहिले. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर त्याचा अंतर्भाव या जिल्ह्यात झाला.

तंजावरचा पूर्वेतिहास येथे थोडक्यात पुरे. नवव्या शतकाच्या मध्यास विजयालय चोळाने हे नगर घेतले. पहिल्या राजराजाने (कार. ९८५–१०१४) बांधविलेले बृहदीश्वर मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाले; त्याचे विमान सु. ६० मी. उंच असून १९८७ मध्ये या मंदिरास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. विजयानगरच्या उत्तरकाळात येथे तेलुगू भाषक नायकांचे राज्य स्थापन झाले. शेवटचा प्रबळ नायक विजयराघव हा मदुराईच्या नायकाशी झालेल्या युद्धात १६७३ मध्ये मारला गेला. त्यानंतरच्या वारसाकलहात विजापूरच्या आदिलशाहीने शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांस तिकडे धाडले. १६७५–७६ च्या सुमारास व्यंकोजींनी नगर ताब्यात घेऊन स्वतःचीच सत्ता स्थापिली. दक्षिण दिग्विजयाच्या प्रसंगी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराज व व्यंकोजी यांची भेट कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमळवाडी येथे झाली. खुद्द तंजावर नगरात महाराज गेले नाहीत.

समर्थांनी तंजावरास भेट दिली, व्यंकोजींनी त्यांचा उपदेश घेतला आणि तेथे मठाची स्थापना झाली, असे सांप्रदायिक चरित्रग्रंथ सांगतात. या भेटीचा विचार करताना दोन भिन्न प्रवासांची गल्लत होऊ देता कामा नये. १६३२ ते १६४४ या तीर्थाटनकाळात समर्थ रामेश्वराच्या वाटेने कावेरीखोऱ्यात गेले असल्यास त्यांनी पाहिलेले तंजावर नायकांचे होते. तेथील दरबारात तेलुगू व संस्कृत काव्यास मान होता आणि मराठी राजा गादीवर येण्यास अद्याप तीन दशकांहून अधिक अवधी होता. व्यंकोजींचा उल्लेख असलेली कथा त्यामुळे १६७५ नंतरचीच असली पाहिजे. त्या वेळी समर्थांचे वय सदुसष्टाच्या पुढे होते आणि १६७६ पासून त्यांचे वास्तव्य परळीच्या गडावर, म्हणजे सज्जनगडावर होते. म्हणजे या भेटीसाठी आयुष्याच्या अखेरची पाच-सहा वर्षेच काय ती उरतात. असा प्रवास अशक्य नव्हता, परंतु त्याचा समकालीन दस्तऐवजी आधार दुर्बळ आहे. ज्या हनुमंतस्वामींच्या बखरीवर पुष्कळ लोकप्रिय चरित्रांची भिस्त आहे, ती समर्थांच्या निर्वाणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी सिद्ध झाली. तिच्यातील चमत्कारकथा वगळल्यास इतिहासाच्या पदरात थोडेच उरते, हे मान्य केले पाहिजे.

तथापि संबंधच नव्हता, असे म्हणणे तितकेच अनाठायी ठरेल. सज्जनगडावरील राम, सीता, लक्ष्मण व मारुती यांच्या मूर्ती तंजावरकडून आल्या, ही परंपरा दृढ आहे. अरणीकर नावाच्या अंध कारागिराने त्या घडविल्या आणि माघ वद्य पंचमीस त्या गडावर पोहोचल्या, असे सांगतात. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस (१६८२) या मूर्तींसमोरच समर्थांचे निर्वाण झाले. कारागिराच्या दृष्टीविषयीची कथा ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. परंतु धातुमूर्ती घडविण्याची उत्कृष्ट परंपरा चोळकाळापासून कावेरीखोऱ्यात नांदत होती आणि मूर्तींसाठी तिकडे वळणे स्वाभाविक होते, ही गोष्ट कथेबाहेरची आहे. महाराष्ट्रातून दक्षिणेस उपदेश गेला, एवढेच सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. दक्षिणेतून महाराष्ट्रात आलेल्या या मूर्तींचा उल्लेखही त्याच्या जोडीने व्हावयास हवा.

भेटीपेक्षा मठांचा पुरावा भक्कम आहे. रामदासी मठांची साखळी जांबच्या परिसरातून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली गेलेली दिसते. बीड येथे समर्थचरित्रकार गिरिधरस्वामींचा मठ होता. तर टाकळीच्या उद्धवस्वामींनी तेलंगणातील इंदूर-बोधन येथे मठ स्थापिला. तंजावरच्या मठाचे अधिपत्य संप्रदाय भीमस्वामींकडे देतो. तंजावरच्या आग्नेयेस असलेल्या मन्नारगुडी येथे अनंतमौनींनी मठ केला व तेथून मराठी ग्रंथकारांची एक शिष्यशाखा निर्माण झाली. माधवस्वामींनी रामायण-महाभारतावर मराठी रचना केली. मराठी बोलणारा लोकसमूह संख्येने अल्प, भोवतालची जनभाषा तमिळ आणि पूर्वीच्या दरबाराचा वारसा तेलुगू. अशा स्थितीत हे ग्रंथ लिहिले गेले, नकलून घेतले गेले व मठांतून वाचले गेले. मूळ प्रदेशातील समकालीन वाङ्मयाशी त्यांची तुलना करताना ही परिस्थिती ध्यानात ठेवणे न्याय्य होय.

भोसले राजांनी कोणत्याही एका भाषेचा कैवार घेतला नाही. व्यंकोजींचा पुत्र शहाजी (कार. १६८४–१७१२) याने तेलुगूत व मराठीत नाटके रचली. त्याच्या नावावरील ‘पंचभाषाविलास’ या नाटकातील पात्रे वेगवेगळ्या भाषांत बोलतात. त्याचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाट्यवाङ्मयाच्या आरंभीच्या कृतींपैकी एक मानले जाते. मराठी रंगभूमीचा प्रारंभ १८४३ मध्ये सांगलीस झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. तो सांगताना तंजावरच्या या नाटकांची दखल निदान तळटीपेत तरी घ्यावी लागते.

दुसरे सरफोजी (कार. १७९८–१८३२) गादीवर आले, तेव्हा राज्याचे तेज ओसरले होते. १७९९ च्या तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला व नेमणूक राहिली. राज्य गेलेल्या या राजाने ग्रंथसंग्रहाकडे लक्ष पुरविले. सरस्वती महाल ग्रंथालयाचा पाया नायककाळात घातला गेला असला, तरी त्याची आजची समृद्धी मुख्यतः सरफोजींच्या परिश्रमाची आहे. त्यांच्या नागरी मुद्रणालयातून इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बाळबोधमुक्तावली’ या नावाने १८०६ मध्ये छापला गेला. ग्रंथालयात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. जंबूनाथभट लांडगे, कागलकर व पतंग अवधूत यांचे संग्रहही पुढे तेथे येऊन मिळाले. सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये औरस पुत्राविना मरण पावले व संस्थान खालसा झाले. १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक करण्यात आले.

राजाश्रय सुटल्यावर मराठी टिकली ती प्रामुख्याने कीर्तनात. रामदासी कीर्तनकार भोसल्यांच्या काळापासूनच दक्षिणेत संचार करीत होते. तंजावर भागातील मेरुस्वामी हे ‘कोकिळकंठ’ म्हणून विख्यात झाले आणि त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ (कार. १८२९–४६) या संगीतज्ञ राजाच्या दरबारी त्यांना मान मिळाला. सु. १८६४ मध्ये मोरगावकर रामचंद्रबुवा तंजावरास आले. त्यांच्या कीर्तनांनी नगरातील संगीतज्ञ भारावून गेले. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन तंजावर कृष्ण भागवतर (मृ. १९०३) यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते तमिळ कथाकार म्हणू लागले आणि कथेच्या पद्यबांधणीस ‘निरूपणम्’ हे नाव रूढ झाले. हा शब्द दासबोधाच्या वाचकास परका नाही. त्या काळच्या कथाकारास मराठी पदे येणे ही विद्वत्तेची खूण समजली जाई. सी. सरस्वतीबाई (१८९२–१९७४) यांनी पुरुषांच्या या क्षेत्रात प्रवेश करून हीच पद्धती पुढे नेली. तंजावरचे मराठी राज्य सु. १८० वर्षे चालले. ते संपल्यानंतर शतकभर तमिळ सभागृहांत मराठी साक्या ऐकू येत होत्या.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जांब निजामाच्या राज्यात, तर तंजावर मद्रास इलाख्यात होते. दोन्हीकडील रामदासी साधनांचा शोध घेण्याचे काम धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेने हाती घेतले. शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) यांनी मठोमठी हिंडून हस्तलिखिते मिळविली. धुळ्याचे समर्थ वाग्देवता मंदिर (१९३५) हे त्या खटाटोपाचे फळ होय. त्यांची भूमिका भक्ताची होती व काही निष्कर्ष त्यामुळे एकांगी झाले. परंतु त्यांनी जमविलेली साधने नसती, तर त्यांच्या टीकाकारांनाही लिहिण्यास फारसे काही उरले नसते.

तंजावरास जाणारा महाराष्ट्रीय प्रवासी बहुधा बृहदीश्वराचे शिखर व प्रचंड नंदी पाहून परततो. त्याच मंदिराच्या प्राकारात भोसले वंशाचे चरित्र नागरी लिपीत व मराठी भाषेत कोरलेले आहे. सरफोजींच्या आज्ञेने चिटणीस बाबूराव यांनी ते १८०३ मध्ये सिद्ध केले. चोळांनी बांधलेल्या व तमिळ शिलालेखांनी भरलेल्या मंदिरात हा दीर्घ लेख येतो, म्हणून तो थांबून वाचावा. तेथून राजवाडा जवळच आहे. नायकांनी बांधलेल्या व मराठ्यांनी वाढविलेल्या त्या वाड्याच्या आवारातच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. राजदरबारच्या मोडी कागदांचे शेकडो रुमाल मागे राहिले आहेत. हिशेब, देवस्थानांच्या नेमणुका, वैद्यक, नाटकशाळा, मठांची अन्नछत्रे असे नाना विषय त्यांत येतात आणि मठांचा खरा इतिहास बखरींपेक्षा या जमाखर्चातूनच अधिक विश्वसनीयपणे हाती येईल. मोडी वाचणारे मात्र तेथे थोडे उरले आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने (स्थापना १९८१) या कागदांपैकी निवडक कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले असून, मराठी वाचकास त्यांपैकी कित्येकांचा आशय आज त्या अनुवादांवरूनच समजून घ्यावा लागतो.