तलावाच्या नऊ पायऱ्या

आमच्या गावच्या पोहण्याच्या तलावाला नऊ पायऱ्या आहेत. दादाला लहानपणी पोलिओ झालेला. दोघांनी उचलून नेलं तरच त्याला पाणी भेटायचं. त्या पायऱ्यांवरून मला १९७२ साल आठवतं.

त्या वर्षी ऑलिंपिक म्युनिकला होतं. अपंगांच्या स्पर्धाही तिथेच व्हायच्या होत्या, पण ऑलिंपिक संपताच खेळाडूंच्या वसाहतीची खाजगी घरं करायचं ठरलं होतं. जागाच उरली नाही. तेव्हा हायडलबर्ग शहर पुढे आलं. तिथल्या तलावात पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला हा जवान. त्यांना तिथवर पोचवायला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदत झाली होती.

१९८४ साली पुन्हा तेच. पैशांअभावी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने व्हीलचेअर स्पर्धांतून अंग काढून घेतलं. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलने काही महिन्यांत त्या भरवून दाखवल्या. ते जमलं, कारण डॉ. लुडविग गुटमान यांनी देणग्या जमवून उभारलेलं क्रीडाकेंद्र तिथे १९६९पासून होतं.

पेटकरांना पद्मश्री २०१८मध्ये मिळाली, पदकानंतर ४६ वर्षांनी. सन्मान उशिरा आला तरी घेता येतो. रॅम्प उशिरा आला, तर पोहायचं वय निघून गेलेलं असतं.

दादाला उचलायला आमच्याकडे माणसं कधी कमी पडली नाहीत. गणपतीची वर्गणीही दरवर्षी निघते. रॅम्पसाठी वर्गणी काढावी, हे मात्र कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही.