स्टिंगली, डेरिक (धाकटा)

स्टिंगली, डेरिक (धाकटा) : (२० जून २००१ – ). अमेरिकन फुटबॉलमधील बचावपटू. जागा कॉर्नरबॅक. लुइझियाना राज्यातील बॅटन रूज या राजधानीच्या शहरात वाढला आणि त्याच शहरातील लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीकडून (एलएसयू) २०१९ ते २०२१ असे तीन हंगाम खेळला. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असतानाच त्याची अखिल अमेरिकन संघात निवड झाली, आणि त्याच हंगामात एलएसयूने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०२२ च्या व्यावसायिक निवडीत (ड्राफ्ट) ह्यूस्टन टेक्सन्स संघाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. स्टिंगली घराण्यातील फुटबॉल खेळणारी ही तिसरी पिढी. आजोबा डॅरिल स्टिंगली हे चेंडू झेलणारे आक्रमक खेळाडू होते आणि एका बचावपटूच्या धडकेने त्यांना कायमचे अपंगत्व आले. नातू मात्र बचावपटू झाला. अमेरिकी क्रीडापत्रकारांना हा योगायोग इतका प्रिय आहे की डेरिकवरील बहुतेक लेख त्याच्या खेळाऐवजी तिथूनच सुरू होतात.

या नोंदीतही आजोबांना टाळता येत नाही, पण आधी कॉर्नरबॅकचे काम काय ते पाहणे बरे. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांचा क्वार्टरबॅक तो दूरवर फेकतो आणि कडेने धावत गेलेला वाइड रिसीव्हर तो झेलतो. बचाव करणाऱ्या संघाची मागची फळी म्हणजे डिफेन्सिव्ह बॅक. त्यांतले मधल्या भागाची राखण करणारे ते सेफ्टी आणि दोन्ही कडांना रिसीव्हरला भिडून राहणारे ते कॉर्नरबॅक. नावावरून कबड्डीतला कोपरारक्षक आठवेल, पण काम उलटे आहे. कोपरारक्षकाने चढाईपटूचा घोटा धरायचा असतो, तर कॉर्नरबॅकने चेंडू हवेत असताना समोरच्याला नुसते अडवले तरी दंड बसतो. रिसीव्हरला कुठे वळायचे हे आधी ठाऊक असते, कॉर्नरबॅकला नसते. तरीही त्याने जवळजवळ त्याच क्षणी वळायचे, बरेचदा पाठमोरे धावत. यात तो चेंडू हाताने उडवू शकतो किंवा स्वतःच झेलू शकतो. बचावपटूने असा झेल घेतला की त्याला इंटरसेप्शन म्हणतात आणि चेंडूचा ताबा त्याच्या संघाकडे जातो. सेफ्टी मात्र धावत येऊन रिसीव्हरला आडवा करतो. डॅरिल स्टिंगली यांना धडक देणारा खेळाडू सेफ्टी होता.

डॅरिल (१८ सप्टेंबर १९५१ – ५ एप्रिल २००७) शिकागोच्या पश्चिम भागात वाढले, तिथल्या मार्शल हायस्कूलमधून इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठात गेले. १९७३ च्या निवडीत न्यू इंग्लंड पॅट्रियट्स या संघाकडे पहिल्याच फेरीत तीन जागा होत्या. चौथ्या क्रमांकावर त्यांनी जॉन हॅना, अकराव्यावर सॅम कनिंगहॅम आणि एकोणिसाव्यावर डॅरिल यांना घेतले. संघाची पुढची काही वर्षे या तिघांच्या जोरावर उभी राहिली. पाच हंगामांत डॅरिल यांनी ११० झेल घेतले, १,८८३ यार्ड मिळवले आणि १४ टचडाउन (चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचवणे) केले. त्या काळी व्यावसायिक फुटबॉलमध्ये चेंडू फेकण्यापेक्षा तो घेऊन धावण्यावर भर असे, हे लक्षात घेतले तर हे आकडे चांगले आहेत.

१२ ऑगस्ट १९७८ रोजी ओकलंड कोलिझियममध्ये पॅट्रियट्स आणि ओकलंड रेडर्स यांचा सामना झाला. हंगाम सुरू होण्यापूर्वीचा, गुणतक्त्यात न मोजला जाणारा सामना. क्वार्टरबॅक स्टीव्ह ग्रोगन याने फेकलेला चेंडू मिळवण्यासाठी डॅरिल मैदानाच्या मध्याकडे वळून झेपावले. चेंडू हाती आला नाही. समोरून रेडर्सचा सेफ्टी जॅक टेटम आला. धडकेत डॅरिल यांच्या मानेचे चौथे आणि पाचवे मणके मोडले आणि मानेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. तेव्हा त्यांचे वय २६ होते. पंचांनी दंड दिला नाही, कारण त्या वेळच्या नियमांत ही धडक बसत होती. बचावपटूने रिसीव्हरला पाच यार्डांपलीकडे अडवू नये हा नियम व्यावसायिक लीगने १९७८ मध्येच आणला होता, पण तो चेंडू येण्याआधीच्या अडवणुकीपुरता होता. झेल घेण्याच्या प्रयत्नात शरीर उघडे पडलेल्या खेळाडूला संरक्षण देणारे नियम पुढच्या दशकांत टप्प्याटप्प्याने आले. त्यांच्या चर्चेत डॅरिल यांचे नाव हमखास निघते.

रेडर्सचे प्रशिक्षक जॉन मॅडन इस्पितळात डॅरिल यांना वारंवार भेटत राहिले आणि दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. टेटम यांनी कधी समोर येऊन माफी मागितली नाही. आपली धडक नियमात होती, खेळ असाच खेळला जातो, ही त्यांची भूमिका कायम राहिली, आणि स्वतःला मारेकरी म्हणवणाऱ्या शीर्षकाचे आत्मचरित्र त्यांनी लिहिले. १९९६ मध्ये दूरचित्रवाणीवर दोघांची भेट ठरली होती. त्यामागे टेटम यांच्या नव्या पुस्तकाची जाहिरात आहे हे कळल्यावर डॅरिल यांनी ती रद्द केली. तरीही आपल्या मनात टेटम यांच्याविषयी राग उरलेला नाही असे ते सांगत. नियमांचा आधार टेटम यांना होता हे मान्य करूनही, ती भेट रद्द करण्यात डॅरिल यांची बाजूच सरस ठरते. क्षमा करणे आणि त्या क्षमेचा कार्यक्रम होऊ देणे या निराळ्या गोष्टी आहेत. १९८३ मध्ये ‘हॅपी टु बी अलाइव्ह’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. शिकागोच्या पश्चिम भागातील मुलांसाठी त्यांनी एक संस्थाही काढली. वयाच्या ५५ व्या वर्षी शिकागोत त्यांचे निधन झाले, तेव्हा नातू पाच वर्षांचा होता.

वडील डेरिक स्टिंगली (थोरले) आधी बेसबॉलकडे वळले. फिलाडेल्फिया फिलीजच्या कनिष्ठ संघांतून ते खेळले, पण मुख्य संघापर्यंत पोहोचले नाहीत. मग त्यांनी अरीना फुटबॉल धरले. बंदिस्त सभागृहात, ५० यार्डांच्या मैदानावर, आठ-आठ जणांनी खेळायचा हा फुटबॉलचा आटोपशीर प्रकार. कडेला सीमारेषेऐवजी गादी लावलेल्या भिंती असतात. जागा थोडी असल्याने चेंडू सतत हवेत असतो आणि बचावपटूला पायांची चपळाई नसेल तर निभाव लागत नाही. थोरले डेरिक तिथे ऑल्बनी फायरबर्ड्सकडून बचावपटू म्हणून नावारूपाला आले आणि पुढे प्रशिक्षक झाले. म्हणजे आजोबांच्या बाजूकडून बचावाच्या बाजूला जाण्याचा निर्णय नातवाने घेतलेलाच नाही, तो एक पिढी आधी झाला होता. योगायोगाची कथा रंगवताना वडिलांना वगळले जाते, आणि त्यांना वगळले की मुलाचे कसब कुठून आले हेच कळेनासे होते. धाकट्याचे पहिले शिक्षक वडीलच. पाय कसे टाकायचे, कमरेतून कसे वळायचे, रिसीव्हरच्या डोळ्यांऐवजी त्याच्या कमरेकडे का पाहायचे, हे धडे त्याने घरीच घेतले.

डेरिक बॅटन रूजमधील डनहॅम स्कूल या छोट्या खासगी ख्रिस्ती शाळेत शिकला. अशा शाळेत चांगल्या खेळाडूला एकाच जागेवर खेळून भागत नाही, तोही रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक अशा दोन्ही जागी खेळे, शिवाय लाथेने मारलेला चेंडू घेऊन परत धावे. अमेरिकेत शालेय खेळाडूंची क्रमवारी लावणे हा स्वतंत्र धंदा आहे. २०१९ च्या तुकडीत ‘रायव्हल्स’ या क्रमवारीने त्याला देशात पहिले स्थान दिले. एलएसयू घरापासून जवळ आणि डिफेन्सिव्ह बॅक घडवण्यासाठी नावाजलेले. पॅट्रिक पीटरसन आणि टायरन मॅथ्यू तिथलेच. त्यामुळे निवड अवघड नव्हती. डिसेंबर २०१८ मध्ये, शाळा नुकतीच आटोपून, तो विद्यापीठाच्या सरावात दाखल झाला. फिएस्टा बोल या सामन्याची तयारी चालू होती. त्या सामन्यात खेळण्याची परवानगी त्याला नव्हती, पण त्या सरावांतच संघाचा सर्वांत चांगला कॉर्नरबॅक हा नवा मुलगाच आहे असे संघात बोलले जाऊ लागले.

२०१९ चा एलएसयू संघ विद्यापीठीय फुटबॉलच्या इतिहासातील मोजक्या बलाढ्य संघांपैकी एक मानला जातो. क्वार्टरबॅक जो बरो याने त्या हंगामात ६० टचडाउन फेकून विद्यापीठीय फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक जिंकला. जमार चेसने २० आणि जस्टिन जेफरसनने १८ टचडाउन झेलले. प्रेक्षकांनी आक्रमणाला डोक्यावर घेतले, आणि ते योग्यच होते. पण डेरिकच्या दृष्टीने त्या आक्रमणाचा उपयोग निराळा होता. सोमवार ते गुरुवार सरावात त्याच्यासमोर चेस किंवा जेफरसन असे. शनिवारी प्रतिस्पर्धी संघात त्यांच्या तोडीचा माणूस क्वचितच भेटे.

दुसऱ्या कडेला अनुभवी क्रिस्टियन फुल्टन खेळत असल्याने प्रशिक्षकांचा आडाखा सोपा होता. प्रतिपक्ष नवख्याच्या बाजूला चेंडू फेकणार. तसेच झाले आणि नवख्याने सहा इंटरसेप्शन घेतले, जे साउथईस्टर्न कॉन्फरन्स (एसईसी) या गटात त्या वर्षी सर्वाधिक होते. आणखी १५ चेंडू त्याने उडवून लावले. ७ डिसेंबर २०१९ रोजी अटलांटात झालेल्या गटाच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध त्याने दोन इंटरसेप्शन घेतले आणि एलएसयू ३७–१० ने जिंकले. १३ जानेवारी २०२० रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेमसनला ४२–२५ असे हरवून संघाने पंधरापैकी पंधरा सामने जिंकत राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. डेरिक तेव्हा साडेअठरा वर्षांचा होता.

व्यावसायिक संघांनी त्याला त्याच वर्षी घेतले असते, यात शंका नाही. पण शाळा संपून तीन हंगाम उलटल्याशिवाय निवडीत उतरता येत नाही असा लीगचा नियम आहे. विद्यापीठीय खेळाडूला तेव्हा शिष्यवृत्तीपलीकडे कमाईची मुभाही नव्हती. स्वतःचे नाव आणि छबी वापरून पैसे मिळवण्याची सवलत १ जुलै २०२१ पासून सुरू झाली. म्हणून सर्वोत्तम हंगाम खेळून झाल्यावरही डेरिकला आणखी दोन वर्षे विद्यापीठातच खेळावे लागले, आणि ही दोन्ही वर्षे त्याला अडचणीची गेली.

२०२० मध्ये बरो, जेफरसन, फुल्टन व्यावसायिक झाले होते, चेसने हंगाम खेळायचाच नाही असे ठरवले होते, आणि सगळ्यावर कोविडचे सावट. पहिल्या सामन्याच्या आधी डेरिक आजारी पडला. तो नसताना मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅकने एलएसयूविरुद्ध ६२३ यार्ड फेकून एसईसी गटाचा विक्रम केला आणि गतविजेते ४४–३४ असे हरले. एका सामन्यावरून खेळाडूची किंमत ठरवू नये, पण हा सामना तो न खेळता त्याच्या जमेस धरला गेला. त्या वर्षी तो सात सामने खेळला आणि त्याच्या नावावर एकही इंटरसेप्शन नाही. इथे आकडेवारी फसवते. कॉर्नरबॅकचा दरारा वाढला की क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला चेंडू फेकणेच टाळतात, आणि चांगल्या खेळाची नोंद कोरी राहते. गटाच्या पहिल्या संघात त्याची निवड या वर्षीही झाली.

२०२१ मध्ये त्याने २४ ऐवजी ७ क्रमांकाची जर्सी घेतली. एलएसयूत हा क्रमांक मानाचा. पीटरसन आणि मॅथ्यू तोच घालत. तीन सामन्यांनंतर डाव्या पायाच्या तळव्यातील अस्थिबंध दुखावल्याने शस्त्रक्रिया करावी लागली आणि हंगाम संपला. विद्यापीठातील एकूण सामने २५, त्यातले १५ पहिल्या वर्षीचे, आणि इंटरसेप्शन सहाच्या सहा पहिल्या वर्षीचे.

त्यामुळे २०२२ च्या निवडीपूर्वी त्याच्याविषयी दोन तट पडले. एकाच्या मते तो तीन वर्षांपूर्वीच्या पुण्याईवर उभा होता. शिवाय धावणाऱ्या खेळाडूला आडवे करण्यात तो हात आखडता घेतो, असा आक्षेप होता. दुसऱ्या तटाचे म्हणणे, १८ व्या वर्षी जे दिसले ते खोटे असू शकत नाही. आक्षेपात तथ्य होते. डेरिकचा खेळ धडकेचा नाहीच. तो माणसाऐवजी चेंडूवर जातो आणि शक्यतो अंगाला अंग न लागू देता काम उरकतो. डॅरिल यांच्या नातवाने ही शैली मुद्दाम निवडली असे म्हणण्याचा मोह होतो, पण तिचे मूळ वडिलांच्या अरीना फुटबॉलमध्ये शोधणे अधिक सयुक्तिक आहे. पाय बरा झाल्यावर घेतलेल्या चाचणीत त्याने ४० यार्ड ४.३७ सेकंदांत कापले आणि वाद बराचसा थंडावला. ह्यूस्टनने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. लगेच चौथ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जेट्सने सॉस गार्डनर या दुसऱ्या कॉर्नरबॅकला घेतले. पहिल्या वर्षी गार्डनर गाजला आणि दुखापतीने नऊच सामने खेळलेला डेरिक मागे पडला, तेव्हा ह्यूस्टनची निवड चुकली अशी कुजबुज झाली. २०२३ आणि २०२४ या दोन्ही हंगामांत त्याने पाच-पाच इंटरसेप्शन घेतले, २०२४ मध्ये लीगच्या सर्वोत्तम संघात (ऑल-प्रो) त्याची निवड झाली आणि मार्च २०२५ मध्ये संघाने त्याच्याशी तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलरचा वाढीव करार केला.