विवाहाच्या तिसाव्या वाढदिवसाचा सांगीतिक आहेर



ज्युबिलीच्या निमित्तानें देवळाला कोणी घंटा अर्पण करतो, कोणी वेदीचीं वस्त्रें. एखादी नवी संगीतरचनाच आहेर म्हणून करवून घेणारा दाता मात्र क्वचित् आढळतो. असें एक दांपत्य अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें होऊन गेलें. रॉबर्ट वुड्स ब्लिस व त्यांची पत्नी मिल्ड्रेड यांनीं आपल्या विवाहाच्या तिसाव्या वाढदिवसासाठीं इगोर स्त्राविन्स्की ह्या रशियन संगीतकाराकडून एक कॉन्चेर्तो लिहवून घेतला. त्यांच्या वाड्याचें 'डंबार्टन ओक्स' हें नांवच त्या रचनेला चिकटलें.

स्त्राविन्स्कीनें डोळ्यांपुढें आदर्श ठेवला तो योहान सेबास्टियन बाख याचा. क्योथेन येथील राजदरबारीं असतांना बाखनें आपले सहा कॉन्चेर्तो एकत्र करून २४ मार्च १७२१ रोजीं ब्रांडेनबुर्गच्या मार्ग्राफास अर्पण केले. ते छापून निघाले १८५० सालीं, म्हणजे बाखच्या मृत्यूला शंभर वर्षें झाल्यावर! त्यांतील तिसऱ्यांत तीन व्हायोलिनें, तीन व्हायोला आणि तीन चेलो असा बेत आहे. स्त्राविन्स्कीनें तीन व्हायोलिनें व तीन व्हायोला तशींच ठेविलीं, चेलो दोन घेतले, आणि कांहीं सुषिर वाद्यें जोडून एकंदर पंधरा वादकांचा मेळ जमविला.

बाखची ही नक्कल आहे, असें म्हणून कित्येक टीकाकारांनीं नाक मुरडलें. मला हा आक्षेप पटत नाहीं. बाखच्या संगीतांत ठेका नदीच्या प्रवाहाप्रमाणें अखंड चालतो. स्त्राविन्स्की ऐन वेळीं आघात सरकवितो, मात्रांची संख्या बदलतो, आणि ऐकणाराचें पाऊल अडखळतें. नक्कल करणारा असें धाडस करीत नसतो.

ह्या आनंदी रचनेमागें दुःखाची छाया होती. स्त्राविन्स्कीच्या घरांत क्षयरोग शिरला होता, आणि तो स्वतःहि आजारी होता. म्हणून ८ मे १९३८ रोजीं पहिलें वादन नादिया बुलांजे ह्या निष्ठावंत कॅथलिक विदुषीनें दिग्दर्शित केलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्याची थोरली कन्या ल्युद्मिला वारली, आणि पुढच्या मार्चांत पत्नी. १९४० सालीं ब्लिस दांपत्यानें तो वाडा हार्वर्ड विद्यापीठास देऊन टाकला.

पुढें संस्थाहि ह्या मार्गाला लागल्या. इटालियन संगीतकार कोरेल्ली याच्या जन्मास ३०० वर्षें झालीं तेव्हां, १९५३ सालीं, एडिंबरोच्या महोत्सवानें मायकेल टिपेट ह्या इंग्रज संगीतकाराकडून कोरेल्लीच्याच एका विषयावर तंतुवाद्यांसाठीं रचना मागविली. नामांकित दिग्दर्शक सर माल्कम सार्जंट यांना ती रुचली नाहीं; अखेर टिपेटनें स्वतःच ती वाजवून घेतली. आज ती त्याच्या उत्तम कृतींत गणली जाते.

सर्वांत मोठा बेत स्वीडिश चेंबर ऑर्केस्ट्राचा. त्यांनीं सहा संगीतकारांकडे बाखचा एकेक कॉन्चेर्तो सोंपविला आणि प्रत्येकाकडून त्याची एक नवी जोड मागितली. ५ ऑगस्ट २०१८ रोजीं लंडनच्या प्रॉम्स महोत्सवांत जुने-नवे असे बाराहि कॉन्चेर्तो एकाच दिवशीं वाजले. सहावा कॉन्चेर्तो, ज्यांत बाखनें व्हायोलिन मुळींच घेतलेलें नाहीं, तो ऑस्ट्रेलियाच्या ब्रेट डीन यांच्या वाट्यास आला. डीन स्वतः व्हायोलावादक. त्यांची रचना न थांबतां सरळ बाखच्या पहिल्या स्वरांत जाऊन मिळते.