कीटकाची अळी, संप्रेरक आणि जनुके

अळीच्या पेशींत जी जनुके असतात, तीच पुढे तिच्या फुलपाखरातही असतात. तरी एक पाने कुरतडते आणि दुसरे मकरंद शोषत हिंडते. कोणती जनुके केव्हा जागी व्हायची, हे ठरते कसे? कीटकांच्या रूपांतराच्या अभ्यासाचा हा मूळ प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग एक्डायसोन या स्टेरॉइड संप्रेरकापाशी सापडतो. कीटकाला स्टेरॉल स्वतः बनवता येत नाही. ते अन्नातून घेऊन अळीच्या वक्षातील ग्रंथी एक्डायसोन घडवते.

जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी १९५४ मध्ये ते शुद्ध रूपात वेगळे केले. रेशीमकिड्याचे ५०० किलो कोश खर्ची पडले आणि हाती आले २५ मिलिग्रॅम! पुढे १९६० मध्ये क्लेव्हर आणि कार्लसन यांनी ते कायरोनोमस या डासासारख्या कीटकाच्या अळीला टोचले. तिच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रे इतकी जाड असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही त्यांच्यावरचे पट्टे दिसतात. थोड्याच वेळात त्यांतले ठरावीक पट्टे फुगले. फुगवटा म्हणजे तिथले जनुक कामाला लागल्याची खूण. संप्रेरकाने जनुक जागे केलेले माणसाने डोळ्यांनी पाहिले.

मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो ॲशबर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाशीवरील प्रयोगांतून १९७४ मध्ये मांडलेला तर्क. एक्डायसोन मिळताच मोजके फुगवटे लगेच उमटतात, आणि काही तासांनी शंभराहून अधिक. प्रथिननिर्मिती रोखली, तर पहिले उमटतात पण ओसरत नाहीत. नंतरचे मात्र उमटतच नाहीत. याचा अर्थ, पहिल्या जनुकांची प्रथिने पुढच्या जनुकांना जागे करतात आणि स्वतःच्या जनुकांना थांबवतात. एक्डायसोनचा ग्राही रेणू हाती लागला तो १९९१ मध्ये, म्हणजे त्याआधी कितीतरी वर्षे हा आराखडा केवळ फुगवट्यांच्या निरीक्षणावर उभा राहिला होता. निरीक्षणाची अशी ताकद जीवशास्त्रात क्वचितच दिसते.

त्याच एक्डायसोनमुळे अळीची लाळग्रंथी नष्ट होते आणि पंखाचा अंकुर मात्र आकार घेतो. जुवेनाइल हार्मोन हे दुसरे संप्रेरक सोबत असेल तर अळी कात टाकून पुन्हा अळीच राहते. एकाच संदेशाला प्रत्येक ऊती वेगळे उत्तर का देते, यावर आजही काम चालू आहे.

नव्या वाचकाने जनुकांच्या नावांच्या गर्दीला बिचकू नये. १९७४ चा तो तर्क आधी कागदावर स्वतः मांडून पाहावा आणि मगच पुढे वळावे.