पोर्शे, पण खिशाला परवडणारी

१९५४ साली न्यूयॉर्कचे मोटार आयातदार मॅक्स हॉफमन यांनी श्टुटगार्टच्या पोर्शे कंपनीपुढे एक मागणी ठेवली. पोर्शेच्या ३५६ या गाडीचे अमेरिकेत नाव झाले होते, पण किंमत ऐकून गिऱ्हाईक मागे फिरत होते. हॉफमन यांचे म्हणणे असे, की तीन हजार डॉलरच्या आत बसणारी गाडी द्या, विकायचे आम्ही बघतो. पोर्शेने मग ३५६ मधून काढता येईल ते काढले. समोरची काच बुटकी झाली, दारांच्या वरखाली होणाऱ्या काचा गेल्या, अस्तर लावलेल्या जाड छताच्या जागी पातळ कापड आले. किंमत ठरली २,९९५ डॉलर आणि नाव ठेवले स्पीडस्टर. कॅलिफोर्नियाच्या उन्हात ती अशी खपली, की नट जेम्स डीन यानेही एक घेतली. आज ३५६ च्या घराण्यातल्या सर्वांत महाग गाड्यांमध्ये हीच काटछाट केलेली स्पीडस्टर मोडते.

जर्मन स्पोर्ट्स गाडी मध्यम खिशाच्या माणसाला देण्याचे प्रयत्न त्यानंतर सतत होत राहिले. प्रत्येक वेळी कारखान्याने कुठेतरी हात आखडता घेतला. कधी इंजिन दुसऱ्या गाडीचे घेतले, कधी दरवाजे महागड्या भावंडाचे वापरले, कधी जोडणी दुसऱ्याच्या कारखान्यात करून घेतली. वीस-तीस वर्षांनी तीच गाडी सेकंड हँड घेणाऱ्याला नेमके त्याच जागी वाकून बघावे लागते. म्हणून जुनी जर्मन कूपे किंवा उघड्या टपाची गाडी निवडताना तिची जन्मकथा माहीत असणे फार कामाचे आहे. विक्रेता सांगत नाही ते ती कथा सांगते.

पहिले उदाहरण कारमान-घियाचे. १९५५ मध्ये आलेल्या या कूपेचे रूप इटलीतल्या तुरिनच्या घियाचे, बांधणी ओस्नाब्रुकच्या कारमानची आणि खालचा सांगाडा साध्या फोक्सवॅगन बीटलचा. ताकद अवघी ३० अश्वशक्ती. वेगाची हौस असणाऱ्याने तिच्याकडे जाऊ नये, पण देखणेपणात ती आजही कुणाला हार जात नाही. इंजिनाचे सुटे भाग बीटलमुळे सहज मिळतात. तिचा खर्चिक भाग म्हणजे पत्रा. नाकाचा तो गोल, सलग दिसणारा भाग अनेक तुकडे जोडून, घासून, हाताने एकसंध केलेला असे. बोल्ट काढून नवा मडगार्ड बसवावा अशी सोय तिच्यात नाही. समोरून एकदा ठोकर बसलेली आणि पुटी भरून रंगवलेली कारमान-घिया कितीही चकाकत असली तरी सोडून द्यावी.

साठच्या दशकात ३५६ बंद झाली. तिच्या जागी आलेली सहा सिलिंडरची ९११ पहिल्यापासून महाग होती. पोर्शेला खालच्या किमतीची गाडी हवी होती आणि फोक्सवॅगनला एखादी रुबाबदार गाडी. फोक्सवॅगनचे प्रमुख हाइन्झ नॉर्डहॉफ आणि पोर्शेचे प्रमुख फेरी पोर्शे यांचा जुना घरोबा, त्यामुळे व्यवहार शब्दावर ठरला. इंजिन मध्यभागी असलेली दोन आसनांची एकच गाडी काढायची, चार सिलिंडरची फोक्सवॅगनने विकायची आणि त्याच सांगाड्यात सहा सिलिंडरचे इंजिन घालून पोर्शेने आपली काढायची. एप्रिल १९६८ मध्ये नॉर्डहॉफ वारले. त्यांच्या जागी आलेले कुर्ट लोत्स तो तोंडी शब्द पाळायला बांधील नव्हते आणि पोर्शेला मिळणारा सांगाडा महाग झाला. १९६९ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ९१४ आली तेव्हा तिची सहा सिलिंडरची आवृत्ती किमतीत जवळजवळ ९११ ला जाऊन भिडली होती. तेवढे पैसे मोजणारा माणूस थेट ९११ कडेच वळला आणि ती ९१४/६ जेमतेम ३,३०० च्या आसपास बनली. चार सिलिंडरची ९१४ मात्र १९७६ पर्यंत लाखाच्या वर खपली, त्यातही मोठा वाटा अमेरिकेचा. युरोपात तिच्यावर दोन्ही कंपन्यांची नावे असत, अमेरिकेत फक्त पोर्शेचे.

ही ९१४ बघायला गेलेल्या जाणकाराची तपासणी ठरलेली असते. तो मागचे जाळीदार झाकण उचलतो आणि उजव्या बाजूला हात घालतो. तिथे बॅटरी आहे. जाळीतून पावसाचे पाणी थेट बॅटरीवर पडते, तिचे आम्ल खाली ठिबकते आणि बॅटरीखालचा पत्रा गंजून पापड होतो. तेवढ्यावर भागत नाही. त्याच्या बरोबर खाली मागच्या चाकाचा दांडा जिथे बसतो तो कोपरा आहे आणि तिथून गंज उजव्या बाजूच्या लांब पोकळ तुळईत शिरतो. गाडीचे टप काढता येणारे, फायबर ग्लासचे. म्हणजे सगळा भार त्या तुळयांवरच. जाणकार म्हणूनच टप काढायला लावतो आणि दार हळूच लावून बघतो. दाराची मागची वरची फट चिंचोळी झाली असेल, दार घासत असेल, तर गाडी मधोमध वाकू लागली आहे. मग इंजिन कितीही गोड वाजू दे, तो विषय तिथेच संपवावा.

९१४ नंतरची गोष्ट जास्त नाट्यमय आहे. फोक्सवॅगनने पोर्शेकडून एका नव्या कूपेचा आराखडा करून घेतला होता. तेवढ्यात तेलाचे संकट आले, फोक्सवॅगनचे प्रमुख बदलले आणि नवे प्रमुख टोनी श्म्यूकर यांनी तो प्रकल्प गुंडाळला. पोर्शेने आपलाच आराखडा परत विकत घेतला. त्याच वेळी नेकार्सउल्मचा जुना एनएसयू कारखाना बंद पडण्याच्या बेतात होता. एप्रिल १९७५ मध्ये तिथले कामगार नोकऱ्या वाचवण्यासाठी हाइलब्रॉनपर्यंत पायी मोर्चा घेऊन गेले. पोर्शेची नवी ९२४ याच कारखान्यात बनवायचे ठरले आणि तो तगण्यात तिचाही हातभार लागला. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, दोघांना जोडणारी लांब नळी. वजन दोन्ही टोकांना जवळजवळ सारखे, आणि त्यामुळे वळणावर गाडी विलक्षण शांत. दोन लिटरचे इंजिन मात्र ऑडीच्या घराण्यातले, त्याचीच एक आवृत्ती फोक्सवॅगनच्या मालवाहू व्हॅनमध्येही बसली. शुद्धतावाद्यांनी त्यावरून ९२४ ला वर्षानुवर्षे हिणवले, आणि ते अन्यायाचे होते. पोर्शेला तगवले ते अशाच गाड्यांनी.

१९८२ साली आलेल्या ९४४ ने ते तोंड बंद केले. अडीच लिटरचे इंजिन पोर्शेचे स्वतःचे होते. एवढ्या मोठ्या चार सिलिंडरची थरथर मारायला त्यात समतोल राखणारे दोन दांडे घातले होते आणि त्या रचनेचे पेटंट जपानच्या मित्सुबिशीकडे असल्याने पोर्शेने परवाना शुल्क भरले. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ९४४ तुफान चालली. त्यामुळेच आज ती सापडते आणि तिचे भाग मिळतात. तिची दुखरी नस दातेरी रबरी पट्ट्यांत आहे. टायमिंगचा पट्टा तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि वरचे सगळे काम नव्याने करावे लागते. पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून पट्टा बदलताना पंप बघितलाच पाहिजे. क्लच बदलायचा तर एक्झॉस्ट, मागचा गिअरबॉक्स आणि मधली नळी हलवावी लागते. मजुरी क्लचच्या किमतीला मागे टाकते. पट्टे कधी बदलले याचे बिल नसेल तर ते बदललेलेच नाहीत असे धरून भाव करावा.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डॉलर घसरला, अमेरिकेचा बाजार आटला. वर्षाला पन्नास हजारांवर गाड्या विकणारी पोर्शे १९९२-९३ पर्यंत पंधरा हजारांच्या खाली आली. कंपनी विकली जाणार अशी कुजबुज होती. नवे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांनी टोयोटाच्या पद्धतीत मुरलेले जपानी सल्लागार बोलावले. श्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउसेनच्या पोर्शे कारखान्यात सुट्या भागांनी भरलेल्या उंच मांडण्या होत्या, कामगारांचा वेळ शिड्या चढण्या-उतरण्यात जाई. जपानी सल्लागाराने वीडेकिंग यांच्याच हातात करवत दिली आणि मांडण्या वरून कापायला लावल्या. ज्या देशात अभियंत्याचा शब्द अखेरचा मानला जातो, तिथे कंपनीच्या प्रमुखाने सर्वांसमोर हे करणे साधी गोष्ट नव्हती.

त्या काटकसरीचे अपत्य म्हणजे बॉक्स्टर. जानेवारी १९९३ मध्ये डेट्रॉइटला तिचा नमुना दाखवला आणि १९९६ मध्ये ९८६ या क्रमांकाची गाडी रस्त्यावर आली. अमेरिकेतली किंमत चाळीस हजार डॉलरच्या किंचित आत. हे जमले कसे? पुढचा भाग, दिवे, मडगार्ड, दरवाजे हे सगळे नव्या ९११ बरोबर वाटून घेतले होते. मागणी एवढी आली, की पुढच्याच वर्षी फिनलंडच्या ऊसिकाउपुन्की गावातल्या व्हाल्मेट कारखान्यातही तिची जोडणी सुरू झाली.

ती एकटी नव्हती. १९८९ च्या जपानी माझ्दा एमएक्स-५ ने दोन आसनी उघड्या गाडीचे गिऱ्हाईक अजून आहे हे दाखवून दिले होते. बीएमडब्ल्यूची झेड-३ अमेरिकेतल्या स्पार्टनबर्गला बनली आणि १९९५ मध्ये जेम्स बाँडच्या ‘गोल्डनआय’मध्ये झळकली. तिच्या डिकीखाली, मागचा डिफरेन्शियल जिथे टांगलेला आहे, तिथला पत्रा फाटतो का ते वाकून बघावे. मर्सिडीजच्या एसएलकेने घडी होऊन डिकीत जाणारे धातूचे छत आणले. तिच्या बाबतीत शत्रू म्हणजे त्या काळातल्या मर्सिडीजना लागलेला गंज आणि छताचे हायड्रॉलिक्स. ऑडीची पहिली टीटी जर्मन महामार्गांवर भरधाव वेगात अस्थिर होऊ लागली, जीवघेणे अपघात झाले आणि कंपनीला गाड्या परत बोलावून मागे छोटा पंख व स्थिरता राखणारी यंत्रणा बसवावी लागली. पंख नसलेली टीटी दिसायला सुंदर असते, पण वेगाने चालवायची असेल तर त्या दुरुस्तीचे कागद बघितल्याशिवाय घेऊ नये.

बॉक्स्टरची गोष्ट मात्र तिच्या पोटात आहे. मागची डिकी उघडली तर इंजिन दिसतच नाही, फक्त तेल आणि कूलंट भरण्याची तोंडे दिसतात. इंजिनात क्रँकची गती कॅमशाफ्टपर्यंत नेणारा एक मधला दांडा आहे. त्याच्या टोकाला बंद सीलचे बेअरिंग बसवले होते. सील थकले की गरम तेल आत झिरपते, ग्रीस धुऊन जाते, गोळ्या झिजतात. बेअरिंग फुटले की दांडा हलतो, टायमिंग चुकते आणि सगळे इंजिन जाते. सुरुवातीच्या गाड्यांमधली दुपदरी बेअरिंगे जास्त टिकली, २००० च्या सुमारास आलेली एकपदरी जास्त फुटली. अमेरिकेत यावरून सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. उपाय आहे: गिअरबॉक्स उतरवल्यावर हे बेअरिंग बदलता येते, म्हणून क्लचच्या कामाबरोबर ते उरकून घेतात. गाडी बघायला गेल्यावर तेलाचा फिल्टर उघडून त्याच्या कागदी घड्या उजेडात धरतात. घड्यांमध्ये धातूची चमचम दिसली की सौदा मोडतो. छताच्या कडेच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत पाने अडकली का हेही बघतात, कारण तुंबलेले पाणी थेट आसनाखालच्या इलेक्ट्रॉनिक पेटीत जाते.

जर्मनीत असा सौदा करणाऱ्याला व्यवस्थेचीही साथ आहे. दर दोन वर्षांनी गाडी तांत्रिक तपासणीतून पास करून घ्यावीच लागते आणि अहवालात दोष लेखी येतात. २००२ पासून व्यावसायिक विक्रेत्याला जुन्या गाडीचीही किमान वर्षभराची कायदेशीर जबाबदारी घ्यावी लागते, खासगी मालक ती करारात नाकारू शकतो. १९९७ पासून ठरावीक महिन्यांपुरती नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या कडेला ०४ आणि १० असे आकडे असतील, तर ती गाडी फक्त एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर येते आणि हिवाळ्यातल्या मिठाच्या रस्त्यांपासून वाचलेली असते. अशी प्लेट दिसली की घासाघीस थोडी कमी केली तरी चालेल.

श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचे भगिनी शहर, आणि पुण्या-मुंबईचे कितीतरी अभियंते आज त्या परिसरात नोकरी करतात. तिथल्या बाजारात जुनी बॉक्स्टर साध्या नव्या हॅचबॅकहून स्वस्तात दिसते, तेव्हा मोह होणे स्वाभाविक आहे. दोन गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्यात. परतताना ती सोबत आणता येणार नाही. विंटेज गाड्या सोडल्या तर भारतात तीन वर्षांहून जुनी गाडी आयात करता येत नाही, शिवाय स्टिअरिंगही उजवीकडे लागते. दुसरी गोष्ट खर्चाची. गाडी स्वस्त झाली तरी तिचे ब्रेक, रेडिएटर आणि मजुरी यांचे दर पोर्शेचेच राहतात, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तरीही घ्यायचीच असेल, आणि घ्यावीही, तर मागे काचेची खिडकी आलेली २००३ च्या मॉडेलपासूनची ९८६ बघावी. बेअरिंग बदलल्याचे बिल हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. थोडे जास्त पैसे जमत असतील तर पुढच्या पिढीची, २००९ च्या मॉडेलपासूनची ९८७ घ्यावी. तिच्या नव्या इंजिनात तो मधला दांडाच नाही.